सोबत : वरीलप्रमाणे

गेल्या महिन्यात मला एका कार्यालयातून पत्र आलं. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण माझं काम अजून तिथंच अडकलेलं आहे. पत्र मोठं देखणं होतं. वर एका बाजूला क्रमांक, दुसऱ्या बाजूला दिनांक, मध्ये विषय, त्याच्याखाली संदर्भ, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' अशी ऐसपैस बैठक, आणि शेवटी 'सोबत जोडलेला नमुना भरून सात दिवसांच्या आत सादर करावा' अशी आज्ञा. सहीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, टाचणीच्या भोकाशेजारी लिहिलं होतं : 'सोबत : वरीलप्रमाणे.'

सोबत काहीही नव्हतं.

मी पाकीट उलटं धरून झटकलं. उजेडासमोर धरलं. मग आमच्या हिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा झटकलं. पुरुषांनी एकदा शोधलेली वस्तू बायका नव्यानं शोधतात, आणि बहुधा त्यांना ती सापडते. या वेळी मात्र तिलाही सापडली नाही, याचा मला उगाचच आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो. साहेब रजेवर होते. टेबलाशी एक तरुण मुलगा होता, अगदी सभ्य. पत्र पाहून तो म्हणाला, "काका, ते 'सोबत' लिहावंच लागतं. नमुन्यातच आहे तसं."

"पण सोबत काही नाही ना!"

"ते फॉर्म संपलेत. पुढच्या आठवड्यात या."

"मग सात दिवसांचं काय?"

"ते सात दिवस फॉर्म मिळाल्यापासून धरायचे," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मी जिना उतरलो. माझ्या हातात तो शब्द होता आणि शब्दामागचा ऐवज संपला होता. सेवानिवृत्त माणसाला इतकं कारण पुरतं. घरी येऊन मी कोश उघडून बसलो.

आता गंमत बघा. त्या पत्राच्या डोक्यावर जे 'क्रमांक' आणि 'दिनांक' बसले होते, ते स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रुळलेले. 'नंबर' हटवून क्रमांक आला, 'तारीख' हटवून दिनांक आला. इतका सोवळा कागद. पण त्याच्या पायाशी, डाव्या कोपऱ्यात, जो शब्द अंग चोरून बसला होता तो मूळचा अरबी! 'सुह्बत' हे त्याचं माहेरचं नाव. अरबीतून तो फारसीत गेला, फारसीतून आपल्याकडे आला, येताना 'ह' वाटेत कुठं तरी सांडला आणि 'सोबत' होऊन आपल्या माजघरात येऊन बसला. तो इतका घरचा झाला की दिंडीदरवाजात त्याला कुणी हटकलंच नाही. काही कडक कार्यालयांनी त्याच्या जागी 'सहपत्र' बसवून पाहिलं. ते पत्रापुरतं ठीक आहे. पण रात्री एकटी राहणारी बाई 'मला सहपत्र पाहिजे' म्हणत नाही.

अरबी शब्दांची कुटुंबं मोठी असतात. तीन अक्षरांचा एक मूळपुरुष असतो आणि त्याच्यापासून शे-दोनशे पोरंबाळं निघतात. 'सुह्बत'चा मूळपुरुष म्हणजे स-ह-ब ही तीन अक्षरं. सोबत करणं हा त्याचा धंदा. पैगंबरांच्या सहवासात राहिलेल्यांना 'सहाबा' म्हणतात, ते याच घराण्यातले. दरबारात राजाच्या जवळ बसून त्याची करमणूक करणारा 'मुसाहिब', तोही यांच्यातलाच. आणि या घराण्याचा सगळ्यांत नाव काढलेला मुलगा म्हणजे 'साहेब'!

हे वाचलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पस्तीस वर्षं नोकरी केली. साहेब म्हणजे काय हे मला कोशातून कळायची गरज नव्हती असं मी समजत होतो. पण साहेब म्हणजे मुळात सोबती. पक्का, सख्खा, शब्दशः सोबती. मग तो केबिनमध्ये कसा जाऊन बसला? तर त्याचं असं झालं, की अरबीत एखाद्या वस्तूच्या कायम सोबतीला जो असतो तो तिचा धनी. घराचा साहिब म्हणजे घराचा मालक. (आमच्या लहानपणी वाड्याचे मालक मुंबईला राहत आणि फक्त भाडं घ्यायला येत, पण अपवाद सगळीकडे असतात.) मालक म्हटलं की मान आला, मान आला की तो नावाला चिकटला. आबासाहेब, दादासाहेब, रावसाहेब, आईसाहेब अशी आपण त्याची झालर प्रत्येक नावाला लावली. भाऊ एकाच आईचे, पण एक शिकून मोठा अंमलदार झाला आणि धाकटी बहीण सोबत बिचारी घरात राहिली, लोकांच्या घरी रात्री निजायला जात राहिली. अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

हे घराणं दख्खनमध्ये आलं ते सैन्याच्या, दरबाराच्या आणि फकिरांच्या वाटेनं. १३२७ साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली आणि दिल्लीतल्या बड्या मंडळींना देवगिरीची वाट धरायला लावली. सक्तीची सोबत म्हणतात ती हीच. पुढं तुघलक परत गेला; पण माणसं राहिली, माणसांचे शब्द राहिले. दौलताबादजवळच खुलताबाद आहे. तिथं अमीर हसन सिज्झी नावाच्या फारसी कवीची कबर आहे. हा दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचा शिष्य. गुरूच्या बैठकीला जायचं, तिथं जे बोलणं होई ते घरी येऊन टिपून ठेवायचं, असा त्याचा पंधराएक वर्षांचा क्रम होता. त्या टिपणांचं 'फवाइद-उल-फुआद' हे पुस्तक झालं. सूफी मंडळींत 'सोहबत' या शब्दाला केवढं वजन! गुरूनं शिकवायचं, शिष्यानं शिकायचं हे आलंच, पण त्याआधी नुसतं त्याच्याजवळ बसायचं. बसणं हीच साधना. आपल्याकडे सत्संग म्हणतात त्याचाच हा शेजारी. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, तो अशाच शेजारातून. दोन्हीकडची माणसं एका ओट्यावर बसली होती; शब्द कुणाच्या ताटातला कुणाच्या ताटात गेला हे नंतरच्या पंडितांनी मोजायचं.

आणि पंडितांनी ते मोजलं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पत्रं घेऊन त्यांतले फारसी शब्द खरोखरच एकेक करून मोजले. १६२८ च्या एका पत्रात शंभरात ऐंशीच्या वर शब्द फारसी निघाले; शंभर वर्षांनंतरच्या, १७२८ च्या पत्रात दहाच्या आत. मधल्या काळात शिवाजी महाराज होऊन गेले होते. त्यांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राजव्यवहारकोश करवला, तो रघुनाथपंत हणमंत्यांच्या नावावर आहे. सुमारे चौदाशे यावनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द आहेत. राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, असे व्यवस्थित कप्पे केलेले. राज्य चालवायला हे पाहिजेच. पण राज्याच्या कोशाची हद्द कचेरीच्या उंबऱ्यापर्यंत. आतल्या घरात कोण कुणाच्या सोबतीला निजतं, याचा वर्ग कोणत्याच महाराजांनी काढला नाही.

नंतरच्या काळात माधवराव पटवर्धनांची गोष्ट मला फार आवडते. माधव ज्यूलियन म्हणून ते तुम्हांला ठाऊक आहेत. फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला. मराठीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं गाव, गोत्र आणि चुलता त्यांना ठाऊक. आणि पुढं त्याच गृहस्थांनी १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून पाहुण्यांना निरोप द्यायची बाजू घेतली! यजमान असावा तर असा. अनोळखी माणसाला बाहेर काढणं सोपं. ज्याची पत्रिका आपण मांडली आहे त्याला 'आता निघा' म्हणायला धैर्य लागतं. तरी सोबत निघाली नाही.

आता थोडं विषयांतर, पण ते केल्यावाचून मला राहवणार नाही. 'कंपनी' हा शब्द घ्या. तो आला लॅटिनमधून. 'पानिस' म्हणजे भाकरी, पाव. एकत्र पाव खाणारे ते कंपनी. (पोर्तुगीजांनी गोव्याच्या वाटेनं आपल्याला दिलेला पाव याच 'पानिस'चा नातू. म्हणजे पावभाजी आणि लिमिटेड कंपनी यांचं नातं नुसतं कर्जापुरतं नाही, रक्ताचं आहे.) तेव्हा कंपनी म्हणजेही सोबतच. आणि साहेब म्हणजे सोबती. मग 'कंपनीचे साहेब' याचा मराठी अर्थ काय झाला? सोबतीचे सोबती! इतक्या प्रेमळ नावाची माणसं जगात दुसरीकडे कुठं राज्य करत नसतील.

आणि ती आली तीही सोबतीलाच आली होती. १८०२ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी, होळकरांच्या धास्तीनं पुणं सोडून आलेल्या दुसऱ्या बाजीरावानं वसईला तह केला. एकट्याला भीती वाटत होती. कंपनी म्हणाली, आम्ही आहोत ना! सहा हजारांचं पायदळ सोबतीला, आणि त्याच्या जेवणखाणाला सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख. पंधरा वर्षांत, १८१७ च्या नोव्हेंबरात, शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण लागलं. तेव्हा पुण्याचे रेसिडेंट होते एल्फिन्स्टन. लोक त्यांना काय म्हणत? एल्फिन्स्टनसाहेब. सोबतीला आलेला माणूस घराचा मालक कसा होतो हे अरबी व्याकरणात एका ओळीत सांगितलेलं आहे. बाजीरावानं ते अनुभवून घेतलं.

असो. सोबतीच्या शेजारी आपल्याकडे आणखी दोन शब्द राहतात. एक 'साथ'. हिचं कूळ आपलं, संस्कृत. 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. बैल, गाड्या, गोण्या, राखणदार सगळं मिळून. त्याचा नायक तो सार्थवाह. 'मृच्छकटिका'तला चारुदत्त जातीनं ब्राह्मण पण पेशानं सार्थवाह; देवलांच्या नाटकात गाणी ऐकण्याच्या नादात आपण हे विसरतो. कल्याणहून जुन्नरला जाताना नाणेघाटात जो दगडी रांजण आहे, जकातीची नाणी टाकायचा म्हणून सांगतात, त्याच्या बाजूनं असे किती सार्थ गेले असतील. घाटात एकट्यानं जायचं नाही, तांड्यात जायचं. म्हणून साथ. पण या साथीचा पुढं संसार बघा. गवयाला तबल्याची साथ. वर्तमानपत्रात मात्र 'साथीदार' फक्त चोरांना असतात. 'आरोपी व त्याचे तीन साथीदार' हे वाचलं आहे, 'सत्कारमूर्ती व त्यांचे तीन साथीदार' अजून वाचलेलं नाही. आणि पटकीची साथ, देवीची साथ, प्लेगची साथ! पुण्यात प्लेग आला त्या १८९७ सालचा साथरोगांचा कायदा १२३ वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, आपल्या डोक्यावर पुन्हा येऊन बसला. साथ आली आणि तिनं सगळ्यांची साथ सोडवली, असं एकाच शब्दात मराठीलाच म्हणता येईल. त्या दिवसांत शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटं माणूस आजारी होतं आणि आम्ही त्याच्या दाराच्या कडीला पोळीभाजीची पिशवी अडकवून, बेल वाजवून, पळून यायचो. लहानपणी खोड्या काढायला पळत होतो तसे.

दुसरा शेजारी 'बरोबर'. हा फारसी. 'बर' म्हणजे छाती. छातीला छाती लागून, एका रेषेत, ते बराबर. म्हणजे समान. समान म्हणजे चूक नाही. म्हणून 'तुझं बरोबर आहे.' हे वाक्य आमच्या घरात रोज बोललं जातं, एकाच बाजूनं.

आता तुम्ही म्हणाल, साथ आहे, बरोबर आहे, संगत आहे, मग सोबत वेगळी कशाला? तर इथंच खरी गोम आहे, आणि ती कुठल्याही कोशात मला मिळाली नाही. बरोबर काहीही नेता येतं. डबा, छत्री, सासू. संगत चांगली असते किंवा वाईट असते, आणि तिचा गुण लागतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधायची भीती तिथं असते. सोबतीला गुण नाही, वाण नाही. सोबत ही मागायची असते. "पोरीला मुंबईला धाडायचंय, कुणाची सोबत मिळते का बघतेय." "आज हे गावाला गेलेत, धाकट्याला सोबतीला पाठवा ना." या वाक्यांत एक शब्द मुद्दाम गाळलेला आहे. तो म्हणजे भीती. 'मला भीती वाटते' हे कुणी म्हणत नाही. 'सोबत पाहिजे' म्हणतात, आणि ऐकणाराही 'कसली भीती?' असं विचारत नाही; मुलाची वळकटी गुंडाळून देतो. हे अरबीत आहे की नाही मला ठाऊक नाही. ते वाड्यांत तयार झालं असावं.

आताशा मात्र हा शब्द फारच स्वस्त झाला. दूरदर्शनच्या शेकडो वाहिन्यांवर सकाळपासून कुणी ना कुणी 'आपल्यासोबत जोडलेलं' असतं. हॉटेलात सूपसोबत टोस्ट, टोस्टसोबत लोणी. 'शी', 'ला', 'बरोबर' यांना रजा देऊन सगळीकडे सोबतच कामाला लावली आहे. परवा एक नवविवाहित शेजारी म्हणाला, "काल बायकोसोबत भांडण झालं." मी विचारलं, "दोघं मिळून कुणाशी भांडलात?" तो माझ्याकडे बघतच राहिला. बायकोशी भांडणं वेगळं आणि बायकोसोबत भांडणं वेगळं. दुसरं सुख क्वचित लाभतं, आणि ते बहुधा सोसायटीच्या वार्षिक सभेत लाभतं.

मी या बाबतीत जरा हळवा आहे, कारण एके काळी मी स्वतः सोबत होतो. हुद्दाच होता तो. आमच्या वाड्यात मागच्या अंगाला एक काकू एकट्या राहत. लहान वयात विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, एक खोली, एक स्टोव्ह, भिंतीला टेकवलेला पाट. रात्री नऊ वाजले की आई मला उशी देई आणि म्हणे, "जा, काकूंच्या सोबतीला." मी आठ वर्षांचा होतो. चोर आला असता तर मी त्याच्याविरुद्ध नेमकं काय करणार होतो हे ना आईनं मला सांगितलं, ना काकूंनी विचारलं. मला अंधाराची विलक्षण भीती. रात्री उठायची वेळ आली की परसातल्या संडासापर्यंत जायचं म्हणजे चौक, आड आणि शेवग्याचं झाड ओलांडायचं. मग काकू उठत, कंदील मोठा करत, आणि पुढं चालत. परत येईपर्यंत बाहेर उभ्या राहून खोकत, म्हणजे मला कळावं की त्या आहेत. सकाळी या राखणदारीबद्दल मला गूळखोबरं मिळे. ते मी नि:संकोचपणे खात असे. कोण कुणाच्या सोबतीला होतं, हा प्रश्न मला चाळीस वर्षांनी पडला.

कधी कधी मध्यरात्री अंधारातून त्यांचा आवाज येई, "आहेस ना रे?"

मी म्हणे, "हो."

मग त्या झोपत. संभाषण एवढंच. आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या अमीर हसननं पंधरा वर्षं बैठकीला जाऊन टिपून ठेवलं, तसं मला टिपायचं असतं तर एवढ्या दोन ओळी भरल्या असत्या.

१९६१ च्या १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं. पुण्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला तो दिवस सांगावा लागत नाही. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, पूल पाण्याखाली गेले. आमचा वाडा उंचावर होता, तिथवर पाणी आलं नाही. पण वडील सकाळीच नदीपलीकडे कामाला गेले होते. संध्याकाळ झाली. दिवे नव्हते. शनिवारातली दोन कुटुंबं ओल्या कपड्यांनिशी चौकात येऊन बसली होती. मधूनच 'पुन्हा पाणी येतंय' अशी आवई उठे आणि सगळे जिन्याकडे धावत. आई मात्र दिंडीदरवाजाच्या पायरीवरून हलली नव्हती. येणारे-जाणारे तिला धीर देत होते. "येतील हो. पलीकडे थांबले असतील." ती 'हो' म्हणत होती.

नऊ वाजता सवयीनं मी उशी घेतली आणि मागच्या अंगाला निघालो, तर काकूच कंदील घेऊन समोरून येत होत्या. म्हणाल्या, "आज मला नको सोबत. आज तुझ्या आईला पाहिजे." आपली खोली त्यांनी त्या शनिवारातल्या बायकांना उघडून दिली होती. आईला पायरीवरून उठवून त्यांनी आत आणलं नाही. स्वतःच तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. कंबरेची पिशवी सोडली, त्यातला कापूस काढला आणि वाती वळायला लागल्या. येतील म्हणाल्या नाहीत, देवाचं नाव घे म्हणाल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यात कुणाच्या तरी वाटेकडे डोळे लावल्याचा शेवट काय झाला होता हे आईलाही ठाऊक होतं. त्यामुळं त्यांनी काही म्हटलं असतं तर तिला ते सोसलं नसतं. मी मध्येच जागा झालो तेव्हा कंदील मिणमिणत होता, वातींचा ढीग ताटलीभर झाला होता, आणि आई म्हणत होती, "काकू, आहात ना?"

"आहे हो," काकू म्हणाल्या.

वडील दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला. रात्रभर पलीकडे एका मित्राच्या गच्चीवर बसून होते. तिथं म्हणे पत्ते होते. हे कळल्यावर आई जे बोलली ते पुराच्या इतिहासात नोंदलेलं नाही. काकूंनी वाती मोजून शंभर-शंभरांच्या जुड्या केल्या आणि त्या झोपायला गेल्या.

हे सगळं मी आमच्या हिला त्या कार्यालयाच्या पत्रावरून सांगायला बसलो होतो, तेव्हा तिनं माझं बोलणं तोडून सांगितलं की तिला आठ दिवस नाशिकला लेकीकडे जावं लागणार आहे. मी म्हटलं, खुशाल जा. मी काय कुकुलं बाळ आहे? पण गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात पाय घसरून पडलो होतो, आणि ते प्रकरण घरात अजून बंद झालेलं नाही. लेकीनं फोनवरून हुकूम सोडला, "बाबा, रात्री एकटे राहायचं नाही." पुढची व्यवस्था बायकांनी परस्पर केली. त्या रात्री नऊ वाजता बेल वाजली. दारात शेजारचा दहा वर्षांचा नातू उभा. बगलेत उशी, हातात मोबाइल, कानांत त्याच्या वायरी.

"आईनं पाठवलंय," तो म्हणाला. "तुमच्यासोबत झोपायला."

"तुमच्या सोबतीला, म्हणावं."

"तेच ते."

मला राग आला होता. माझ्या घरात, माझ्या वयाला, हा राखणदार! मी पडलो तर हा काय करणार होता? मी त्याला बाहेरच्या खोलीत गादी घालून दिली. सकाळी गूळखोबरं देईन म्हणालो, तर त्यानं ते काय असतं असं विचारलं.

अडीचच्या सुमाराला मला जाग आली. मी आताशा जागा होतोच. घर शांत होतं. भिंतीवरचं घड्याळ दिवसा ऐकू येत नाही ते येत होतं. बाहेरच्या खोलीतला मोबाइलचा निळा उजेड मालवला होता. पोरगं झोपलं असेल म्हणून मी कूस बदलली, तेवढ्यात अंधारातून बारीक आवाज आला.

"आजोबा, आहात ना?"

"आहे रे," मी म्हटलं.

थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा, "आजोबा, मला बाथरूमला जायचंय. पॅसेजमधला दिवा कुठंय?"

मी उठलो, चपला शोधल्या, भिंतीला हात धरला आणि त्याच्या पुढं चालू लागलो. तो आत गेला. मी बाहेर उभा राहून खोकलो.